पाठांतर की वाचन?

आज दिवसभर तिसरीच्या वर्गात. इंग्रजीचा उपक्रम वर्षभर चालला, आता मुलांना किती आलं ते तपासायचं. एकेका मुलाला समोर बसवून एका मिनिटात किती शब्द नीट वाचतो ते मोजायचं, मग दोन-चार प्रश्न.

एक मुलगी धडाधड वाचत सुटली. मी खूश. मग लक्षात आलं, पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य तिच्या तोंडात! नवा उतारा दिला तर पहिल्याच ओळीत अडली. उलट, वाचनात जेमतेम आठ शब्द काढणाऱ्या एका पोराला म्हटलं, ‘पुट द पेन्सिल अंडर द बुक.’ त्याने पुस्तक उचललं, पेन्सिल खाली सरकवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं?

तक्त्यात मात्र ती पुढे, हा मागे. ‘ऐकून समजतं’ असा रकानाच नाही. शिवाय सुरुवातीला चाचणी घेतलेलीच नाही आणि उपक्रम नसलेल्या शाळाही तपासलेल्या नाहीत. मग आलेला फरक उपक्रमामुळे की नुसतं वर्षभराने मोठं झाल्यामुळे, कसं सांगणार?

समासात पेनाने लिहून ठेवलंय त्या पोराबद्दल. अहवालात राहील का, बघू.