ब्लू स्ट्रीक

पिट्सबर्गला असताना एकदा कॉनिऑट लेक पार्कला गेलेलो, १८९२ पासूनचं तळ्याकाठचं पाळण्या-राइड्सचं पार्क, नव्वदच्या दशकात ते लोकांसाठी म्हणून ट्रस्टकडे आलं पण पैशांची ओढाताण काही संपेना, मधे काही वर्षं बंदच होतं. मग २०१० ला लोकांनी ऑनलाइन मतं देऊन पेप्सीकडून ५० हजार डॉलर मिळवले नि १९३८ ची ब्लू स्ट्रीक, तिथली लाकडी रोलर कोस्टर, परत धावली! स्टेशनातून गाडी सुटली की थेट अंधाऱ्या वळणाच्या बोगद्यात, मग साखळीची खडखड, खाली हलणारं लाकूड... अजून काटा येतो अंगावर. खरं सांगू, एकदाच मिळालेल्या पैशात लाकडी कोस्टर जगत नाही हो, फळ्या दरवर्षी बदलाव्या लागतात, त्याची सोय आधी हवी होती. जानेवारी २०२२ मधे ती पाडायचं काम चालू असताना जळाली. फोटो बघून रडलो.