विचारण्याआधीच उपडे केलेले दप्तर

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

आज विमुक्त दिन. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली याच तारखेला पुसला गेला. आमच्या आठवीच्या वर्गात मात्र तो अजून तसाच आहे.

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर एका मुलीची कंपासपेटी सापडेना. तिने तसे सांगताच चार माना मागच्या बाकाकडे वळल्या आणि कोणी काही विचारण्यापूर्वीच तिथे बसणाऱ्या पारधी मुलाने आपले दप्तर बाकावर उपडे केले. दोन वह्या, पेन्सिलीचा तुकडा आणि जातीच्या दाखल्यासाठी जमवलेल्या कागदांची प्लास्टिकची पिशवी, एवढाच ऐवज होता. मग त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तेरा वर्षांच्या मुलाला या गोष्टीचा इतका सराव असावा, याने माझ्या पोटात कालवले. पेटी पुढे त्या मुलीच्या घरीच निघाली. पण समजा, एखाद्या दुसऱ्या मुलाने ती उचललीच असती, तर तो एकटा खोडकर ठरला असता. त्याच्या जातीकडे कोणी बोट दाखवले नसते.

तो बाकांमधून जाऊ लागला की मुले हसत खिशावर हात ठेवतात. "काय रे पारध्या, रात्री कुठं गेलतास?" हा प्रश्न तर रोजचा. याला गंमत म्हणणाऱ्या सहकाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ही मुले दुष्ट नाहीत. गावाबाहेर पाल पडले की घरातली मोठी माणसे दाराला कडी घालायला सांगतात आणि चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात, हे ती लहानपणापासून बघत आली आहेत. एके काळी या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचे तर परवाना घ्यावा लागे. कायदा गेला, तरी संशयाची ती नजर घराघरांतून पुढच्या पिढीकडे आली. तुरुंगांच्या नियमावल्यांतसुद्धा ती टिकून होती. तिथला जातीवर आधारलेला भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

सगळ्यात मोठे नुकसान सावकाश होते. असा मुलगा आधी मागे बसू लागतो, मग हात वर करणे सोडतो, पुढे सोमवारी गैरहजर राहू लागतो आणि एके दिवशी त्याचे नाव पटावर तेवढे उरते. त्यानंतर तीच मंडळी "यांची पोरं शिकतच नाहीत" असे म्हणायला मोकळी होतात. या मुलाची थोरली बहीण सातवीतूनच गेली. तिचे अक्षर सुंदर होते.

उद्याच्या शिक्षकसभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. वस्तू हरवली तर कोणाचेही दप्तर वर्गासमोर उघडले जाऊ नये. आणि शुक्रवारी मागे वळून बघणाऱ्या त्या चार मुलांच्या पालकांना बोलावून घ्यावे. तक्रार ऐकवण्यासाठी नव्हे, तर घरात पारध्यांविषयी काय बोलले जाते ते विचारण्यासाठी. मुख्याध्यापक कदाचित "विषय वाढवू नका" म्हणतील. तसे झाले तर मी त्या चार घरी स्वतः जाईन.