तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी समजतं, मग बोलता का येत नाही?

"एन३ झाली, एन२ चा अभ्यास चालू आहे, वाचलेलं समजतं. पण समोर जपानी माणूस बोलायला लागला की तोंडच उघडत नाही. वयामुळे असं होतं का?" मोठेपणी जपानी शिकायला घेतलेले बहुतेक जण मला कधी ना कधी हे विचारतात, आणि विचारताना खरोखर रडकुंडीला आलेले असतात.

वयाला मी यात फारसा दोष देत नाही. जेएलपीटी, म्हणजे एन३, एन२ अशा पायऱ्यांची जपानी भाषेची परीक्षा, १९८४ पासून होते आहे आणि तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं दिलेल्या पर्यायांतून निवडायचं. चारांतला बरोबर पार्टिकल (आपल्या विभक्ती-प्रत्ययासारखा शब्दामागे लागणारा "गा", "ओ") ओळखणं हे डोळ्यांचं काम. तोच पार्टिकल बोलण्याच्या ओघात आपणहून येणं हे जिभेचं काम, आणि जिभेला आपण कधी कामाला लावलेलंच नसतं.

दुसरं कारण इंग्रजी. पुस्तकं इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, म्हणून वाक्य डोक्यात मराठीतून इंग्रजीत आणि तिथून जपानीत जातं. हा वळसा फार महागात पडतो. इंग्रजी वाक्य जपानीत नेताना उलटंपालटं करावं लागतं, मराठी वाक्य बरेचदा आहे त्याच क्रमाने जातं. "काल घेतलेलं पुस्तक हरवलं" म्हणजे "किनोओ कात्ता होन ओ नाकुशिता". काल, घेतलेलं, पुस्तक, हरवलं, शब्दाखाली शब्द. "खाऊन बघ" म्हणजे "ताबेते मिते". "करून ठेवतो" म्हणजे "शिते ओकु". घराबाहेर पडताना आपण "जाऊन येतो" म्हणतो, जपानी माणूस "इत्ते किमासु" म्हणतो, अर्थ तोच आणि प्रसंगही तोच. "मला चहा आवडतो" यात चहा कर्ता आहे, म्हणून कर्त्याचा "गा" लावून "ओचा गा सुकि". इंग्रजीतून येणारा इथे हमखास कर्माचा "ओ" लावतो. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेचा २२०० तासांचा आकडा वाचून पुष्कळ जण आधीच हाय खातात. तो आकडा इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे.

उच्चारांतही मराठी हाताशी आहे. "चूक"मधला च म्हणजे जवळजवळ "त्सु"चा आवाज, "जुना"मधला ज शब्दारंभीच्या "झु"चा. "अंबर" आणि "अंक" यांत अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, जपानी "न्"ही तसाच बदलतो.

पण एका जागी मराठी दगा देते, आणि बोलण्यातली निम्मी निराशा तिथूनच येते असं माझं मत आहे. आपल्या ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ नाही. जपानीत आहे. देवनागरीत "कोको" लिहिलंत तर ते "इथे" की "हायस्कूल"? "इथे" म्हणजे को-को, दोन ठोके. "हायस्कूल" म्हणजे को-ओ-को-ओ, चार ठोके. जपानी कान हे ठोके मोजतो, त्यांना तिथे "हाकु" म्हणतात. ओ-बा-सा-न् म्हणजे मावशी किंवा काकू, ओ-बा-आ-सा-न् म्हणजे आजी. कि-न्-ए-न् म्हणजे धूम्रपानबंदी, कि-ने-न् म्हणजे स्मरण. भरीला आपल्याला शब्दाचा शेवटचा इकार-उकार लांबवायची सवय. त्यामुळे जिथे लांबवायचं तिथे आखडतं आणि जिथे आखडायचं तिथे लांबतं.

तारखांचं उदाहरण नीट बघा. "योक्का" म्हणजे ४ तारीख, "योओका" म्हणजे ८ तारीख. दोन्ही तीन ठोक्यांचे. यो-क्-का, यो-ओ-का. फरक फक्त मधल्या ठोक्यात: पहिल्यात तेवढा वेळ आवाज बंद, दुसऱ्यात चालू. मराठी माणसाला "पता" आणि "पत्ता" वेगळे ऐकू येतात, म्हणून "क्क" जमतो. "ओ" मात्र लांबत नाही, आणि ८ तारखेची भेट सांगताना ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. उपाय साधा आहे. टेबलावर बोटाने प्रत्येक ठोक्याला एक टिचकी मारत शब्द म्हणा, बंद ठोक्यालाही टिचकी मारा. आणि वहीत देवनागरीतून जपानी लिहिणं पहिल्या महिन्यातच थांबवा, काना, म्हणजे जपानी अक्षरं, लिहा.

स्वरांचा चढउतारही आहे. "हाशि"त हा वर असेल तर चॉपस्टिक, शि वर असेल तर पूल. तरी माझा आग्रह आधी ठोक्यांचा. चढउतार चुकला तर संदर्भ बहुतेकदा सावरून घेतो. ठोका चुकला की शब्दच बदलतो.

ऐकताना अडतं ते वेगळ्या कारणाने. पुस्तकात "ताबेते शिमात्ता" शिकवतात, बोलण्यात "ताबेचात्ता" येतं. "इका-नाकेरेबा नारिमासेन" आखडून "इकानाक्या" होतं, "शिते इरु"चं "शितेरु". ही जोडरूपं वीस-पंचवीसच आहेत. ती वेगळी काढून तोंडपाठ केली की ऐकणं एकदम सोपं होतं.

नाती-मानाच्या चुका मात्र व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाहीत. "तुम्ही" म्हणून "आनाता" वापरू नका, समोरच्याला ते खटकतं. नाव घेऊन "सान" लावा, किंवा कर्ता गाळा. "देणे" आपल्याकडे एकच, तिकडे मी दिलं तर "आगेरु", मला कोणी दिलं तर "कुरेरु". "मित्राने शिकवलं" हे "ओशिएमाशिता" एवढंच म्हटलं तर वाक्य चालतं, पण कोरडं वाटतं. "ओशिएते कुरेमाशिता" म्हटलं की त्याने माझ्यासाठी केलं हे त्यात येतं. बाकी केइगो, म्हणजे खास आदरार्थी भाषा, सुरुवातीला फक्त ओळखता यावी, बोलायला "देसु-मासु"ची साधी नम्र रूपं पुरतात.

आता सराव. तीस-चाळीस सेकंदांचं एकच संभाषण घ्या, आठवडाभर तेच, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी मजकूर न बघता तीन-चारदा ऐका. मग मजकूर बघून कुठे लांबतं, कुठे थांबतं, कुठे स्वर गिळला जातो ("देसु"चा "देस्") तिथे खुणा करा. पुढचे दोन दिवस आवाजाबरोबर वाचा. त्यानंतर मजकूर बाजूला ठेवून अर्धा सेकंद मागून म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. इथे लोक दोन चुका करतात: पाच मिनिटांचा तुकडा घेतात, आणि पुटपुटतात. पुटपुटण्याने जीभ वळत नाही, मोठ्यानेच म्हणावं लागतं.

एवढ्याने नक्कल येते, स्वतःचं बोलणं येत नाही. त्यासाठी रोज एका प्रश्नावर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा. कुठे अडलात तेवढं लिहून काढा, दोन जागा दुरुस्त करा, पुन्हा बोला, मग तिसऱ्यांदा. सगळ्या चुका एकदम सुधारायला गेलात तर तिसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त अडखळाल. अडलं की आपल्या "अं..."सारखं "एएतो" म्हणा.

समोरचा बोलत असताना गप्प राहू नका. आपण हुंकार देतो तसे "हाइ" (हो), "सोओ देसु का" (असं का) मध्येमध्ये येऊ द्या, नाहीतर तो थांबून समजलं ना असं विचारतो. त्याचं "हाइ" मात्र "ऐकतोय" एवढंच असतं, त्याला होकार समजू नका. आणि तारीख, वेळ, आकडा कानावर पडला की लगेच उलटून म्हणा, तारखेला वार जोडून: "योक्का, किन्योओबि देसु ने?" म्हणजे ४ तारीख, शुक्रवार, बरोबर ना? योक्का-योओकाचा घोळ झाला असेल तर वारावरून तिथेच कळतो.