हत्तीच्या रेषेत साठलेलं आभाळ – माझा अ‍ॅक्रिलिकचा अनुभव

अ‍ॅक्रिलिक रंगात चित्रं काढायला सुरू करून मला चार वर्षं झाली होती आणि गेल्या वर्षी जानेवारीपासून जूनपर्यंत माझं एकही चित्र पूर्ण झालं नव्हतं. रंग होते, कॅनव्हास होते, रविवारची दुपार मोकळी होती, पण बसलं की आधी मोबाईल हातात, मग रेफरन्स, म्हणजे बघून काढायला फोटो, शोधायचा, सूर्यास्त, होडी, धुक्यातला डोंगर, आणि अर्ध्या तासात कळायचं की हे चित्र हजार जणांनी काढून झालंय आणि मी फक्त ते उतरवून घेणार आहे. क्लासमधल्या सरांनी एकदा माझं काम बघून विचारलं होतं, "हात चांगला बसलाय, पण यात तू कुठे आहेस?" तेव्हा राग आला होता. नंतर तेच वाक्य डोक्यात घेऊन फिरत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीला मावशीकडे गेले. चित्रासाठी नाही, आंबे संपत आले होते आणि मावशी बोलवत होती म्हणून. दुसऱ्या दिवशी मावसभाऊ म्हणाला, चल उक्षी गावाला, कातळशिल्प दाखवतो, दगडात कोरलेली चित्रं. मावशी म्हणाली, "दगड बघायला एवढ्या उन्हात कशाला गो जातेस?" पण गेलो.

ज्यांनी सडा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, लांबच लांब, झाड जवळजवळ नाहीच, आणि उन्हाळ्यात पाय ठेवला तर चपलेतून चटका लागतो. उक्षीला त्या कातळात कोरलेला हत्ती आहे, जवळपास खऱ्या हत्तीएवढा, आणि गावकऱ्यांनी त्याच्याभोवती चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्यांची, भिंत घालून वरून बघायला जागा केलीय. मी भिंतीपाशी उभी राहिले आणि खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मला काही दिसलंच नाही, नुसता भेगाळलेला काळपट दगड. मग भावाने बोटाने सोंड दाखवली, पाठ दाखवली, आणि एकदम सगळा हत्ती वर आला, आणि त्यानंतर तो न दिसणं शक्यच नाही. तिथे गावातले एक आजोबा होते, ते म्हणाले, "पाऊस पडला की परत या. मग बघा."

फोटो खूप काढले. रात्री बघितले तर सगळे राखाडी, सपाट, हत्ती कुठे गेला कळेना. तेव्हा वही काढली आणि दिवसभरात जे रंग बघितले ते शब्दात लिहून काढले, पहिल्यांदाच असं काही केलं. वाळलेलं गवत पिवळं नाही, जुन्या सुतळीच्या रंगाचं आहे. कातळ काळा नाही, तव्याच्या खालच्या बाजूसारखा आहे आणि जिथे टवका उडालाय तिथे गंजाचा लाल. चिरेखाणीतला ताजा कापलेला चिरा भोपळ्यासारखा केशरी. असं दोन पानं झालं. माझ्या मते त्या दोन पानांनी जे काम केलं ते दीडशे फोटोंनी केलं नाही, कारण लिहिताना ठरवावंच लागतं की मला नक्की काय दिसलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. चौथ्या दिवशी सकाळी परत गेलो आणि आजोबांचं म्हणणं कळलं. कातळ भिजून कोकमाच्या आगळासारखा झाला होता आणि कोरलेल्या खाचांमध्ये पाणी साठलं होतं, त्या पाण्यात आभाळ. सगळीकडे नाही, जिथे उतार होता तिथून पाणी निघून गेलेलं, त्यामुळे पाठीचा तुकडा, पायाचा तुकडा, सोंडेचं टोक, एवढंच चमकत होतं. हत्ती आभाळाच्या तुकड्यांनी काढल्यासारखा. मी छत्री मिटून भिजत उभी राहिले, भाऊ गाडीपाशी हाका मारत होता.

त्याच दुपारी राजापूर तालुक्यातल्या कशेळीला गेलो. तिथला हत्ती १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात लहानमोठे कितीतरी प्राणी कोरलेत, त्यात मासेसुद्धा. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. मग मनात आलं की ज्याने हा कोरला तो तर दगडावर उकिडवा बसलेला असणार, त्याला एका वेळी हातभर रेषा दिसत असणार, आणि हत्ती काही समोर पोज देऊन उभा नव्हता. म्हणजे त्याने हत्ती कुठेतरी चालताना बघितला, तो डोक्यात घेऊन या सड्यावर आला, आणि डोक्यातला हत्ती दगडावर उतरवला. हजारो वर्षांपूर्वी, रेफरन्स फोटोशिवाय. मी मात्र हातात मोबाईल धरल्याशिवाय एक डोंगर काढू शकत नव्हते. हे मला फार आतून लागलं.

घरी आल्यावर फोटो पेन ड्राईव्हवर टाकून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि फक्त वही समोर घेतली, दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास.

पहिला प्रयत्न फसला. येताना चिरेखाणीच्या बाहेर पडलेला दगडाचा भुसा पिशवीभर आणला होता (खाणीतला, शिल्पाजवळचा एक कणही नाही), तो मी जेसोमध्ये, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला लावायच्या पांढऱ्या अस्तरात, भसाभसा मिसळून थर दिला, वाळल्यावर हात फिरवला तर पावडर हाताला. भुसा जास्त आणि त्याला धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिक कमी, दुसरं काही नाही. खरवडून काढला. दुसऱ्यांदा भुसा पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, चहाच्या गाळणीने चाळला आणि मॅट मीडियममध्ये (रंग नसलेलं, चमक नसलेलं अ‍ॅक्रिलिक) थोडा थोडा घालत गेले, साधारण चार चमचे मीडियमला एक चमचा, दोन पातळ थर. तो पक्का बसला आणि असा खरखरीत की ब्रश फिरवताना सड्यावर चालल्यासारखं वाटतं.

मग रंग. जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साईडमुळे असतो आणि बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाच्या ट्यूबमधला रंगही लोहाचा ऑक्साईडच, हे वाचल्यापासून ती ट्यूब मला वेगळीच वाटायला लागलीय. काळ्याची ट्यूब उघडलीच नाही, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून तव्याचा काळा केला, तो जिवंत राहतो, कुठे निळ्याकडे झुकतो कुठे लालकडे. त्यावर भिजलेल्या कातळासाठी ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पारदर्शक करणारं द्रव) अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल अगदी पातळ करून तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन.

इथे नवीन लोकांसाठी एक सांगते कारण मी यात दोन दिवस घालवले. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं. ओलं असताना त्यातला बाईंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा भाग, दुधासारखा असतो, वाळून पारदर्शक झाला की रंग एक घर खाली जातो. मी आगळाचा रंग बरोब्बर जमवला म्हणून खूश झाले आणि सकाळी बघते तर काळाठिक्कर. तेव्हापासून बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पट्ट्या करते, जेसो लावते, प्रत्येक मिश्रण आधी त्यावर, वाळलं की वहीतल्या शब्दाशेजारी ठेवून बघते. 'सुतळी' आठव्या पट्टीला मिळाली.

शेवटी रेषा. हत्ती काढला, टायटॅनियम व्हाईटमध्ये टोकाएवढं अल्ट्रामरीन आणि किंचित बर्न्ट सिएना, पावसाळी आभाळाचा राखाडी. आणि तो दगडात खोदलेला न दिसता दगडावर चिकटवलेला दिसायला लागला. आठवडाभर कळेना काय चुकतंय. मग एका संध्याकाळी भिंतीतल्या खिळ्याच्या भोकाकडे बघताना लक्षात आलं की खड्ड्यात सावली प्रकाशाकडच्या काठाखाली पडते आणि उजेड पलीकडच्या काठावर, मी बरोब्बर उलटं केलं होतं. दोन्ही काठ बदलले आणि रेषा खाली गेली.

पण अजून ते चित्र उक्षीचंच होतं, नीट केलेलं. मग त्या कोरणाऱ्या माणसाला आठवून मी रेषा मधेमधे पुसली, कातळाने झाकली, आणि उरलेल्या आभाळाच्या तुकड्यांत ढग घातले, एका तुकड्यात उडणारा बगळा, सोंडेच्या टोकाला रात्र आणि दोन चांदण्या. त्यातलं काहीही मी तिथे बघितलं नव्हतं. हे करताना हात थरथरत होता पण थांबला नाही, त्या चार तासांत मोबाईल कुठे आहे हेही माहीत नव्हतं. सरांनी चित्र बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सोंडेवरच्या चांदण्यांवर बोट ठेवून म्हणाले, "ही तू."

एक कळकळीची विनंती. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत, पण बरीचशी अजून उघड्या सड्यावर आहेत. फोटोत रेषा नीट दिसावी म्हणून खडूने गिरवू नका, वर चालू नका. दिसत नसेल तर पाच मिनिटं थांबा, दिसतं.

सप्टेंबरमध्ये परत गेले तेव्हा सड्यावर सीतेची आसवं फुलली होती, निळी-जांभळी, नखाएवढी, कातळावरच्या ओलीत हजारोंनी. वहीत लिहिलंय, 'जांभळा नाही, शाईच्या दौतीत पाणी घातल्यावरचा'. पुढचा कॅनव्हास जेसो लावून तयार आहे, त्यात बारसूच्या कातळशिल्पातला तो दोन वाघांमधला माणूस या फुलांतून चालत येणार आहे. पट्ट्या सोळा झाल्यात, दौतीतला निळा अजून सापडला नाही.