सातवा महिना, पोटाची खाज आणि भिरंडेल

सातवा महिना लागला आणि माझ्या पोटाला खाज सुटू लागली. डोहाळजेवणासाठी सावंतवाडीहून आलेल्या मामीने कारणही लगेच सांगून टाकले: "बाळाला केस येत आहेत. खाजवू नकोस हो, व्रण राहतील." आईने मुठीने वळलेला भिरंडेलाचा गोळा पिशवीतून काढला, वाटीत पातळ केला आणि त्या रात्रीपासून माझ्या पोटाला ते कोकमाचे तेल लागू लागले.

पुढे चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय वाचताना मी थक्क झाले. सातव्या महिन्याच्या वर्णनात तेथे म्हटले आहे की, गर्भाला केस येतात म्हणून आईला जळजळ होते, असे स्त्रिया म्हणतात. परंतु या ग्रंथातील गुरू भगवान आत्रेय यांना ते मान्य नाही. गर्भाच्या दाबामुळे वात, पित्त आणि कफ हे दोष वर सरकतात, त्यातून दाह, दाहातून खाज आणि खाजेतून 'किक्किस', म्हणजे त्वचा ताणून पडणाऱ्या रेषा, निर्माण होतात, असे त्यांचे म्हणणे आहे. त्वचा फाटून विद्रूप होऊ नये यासाठी खाजवणे टाळावे आणि अगदीच असह्य झाले तर हलके चोळावे, असेही तेथे सांगितले आहे. मामीचे ते वाक्य इतक्या शतकांपासून बायकांच्या तोंडी आहे, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला.

आजचे त्वचाविज्ञान मात्र या रेषांचे मूळ खाजेत नव्हे, तर त्वचेच्या आतील थरात शोधते. पोट, स्तन आणि मांड्या झपाट्याने वाढत असताना तेथील कोलॅजन व इलॅस्टिन यांच्या तंतूंवर ताण येतो, गरोदरपणातील संप्रेरकांच्या बदलांमुळे त्यांचा चिवटपणाही कमी होतो आणि तंतूंची वीण जेथे विस्कटते तेथे आधी लालसर किंवा जांभळट, पुढे कित्येक महिन्यांनी फिकट पांढरी रेषा दिसते. आईला किंवा बहिणीला अशा रेषा असतील, वय कमी असेल, वजन फार वाढले असेल किंवा बाळ मोठे असेल, तर त्या उमटण्याची शक्यता वाढते. यांतील बहुतेक गोष्टी आपल्या हातात नसतात, आणि म्हणूनच 'रेषा येणारच नाहीत' असे आश्वासन देणाऱ्या महागड्या बाटल्यांचा मला मनापासून राग येतो.

वरून लावायच्या क्रीम आणि तेलांचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, 2012 मध्ये आढावा घेतला. त्यात 6 चाचण्या आणि 800 स्त्रियांचा समावेश होता, आणि यांपैकी कोणत्याही लेपाने रेषा टळतात असा भक्कम पुरावा त्यातून मिळाला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेलही त्याला अपवाद ठरले नाही. तरीही मी भिरंडेल सोडले नाही, कारण कोरडी, ताणलेली त्वचा त्याने मऊ राहते आणि खाज पुष्कळ कमी होते. तेवढ्यासाठी घरातले खोबरेल तेलही पुरते.

हातात असलेली एक गोष्ट म्हणजे वजन हळूहळू वाढू देणे. गरोदरपणापूर्वी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 18.5 ते 24.9 असलेल्या स्त्रीचे वजन एकूण साधारण 11.5 ते 16 किलो वाढावे, असे अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना सांगतात. आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. 'दोघांचे खा' या आग्रहाला मी नम्रपणे नकार दिला, पण रेषांच्या भीतीने जेवण कमी करणे त्याहून वाईट आहे, कारण त्याची झळ बाळाला बसते.

काही बाबतींत मात्र मी आग्रहाने सांगेन. रेटिनॉइड, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या गटातील औषध, असलेली क्रीम गरोदरपणात लावू नये. खाजेसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात स्टेरॉइड असू शकते, आणि ते दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होऊन स्वतःच अशा रेषा पाडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तळहात आणि तळपाय विशेषतः रात्री खाजू लागले, अंगावर पुरळ नसतानाही, तर तेल चोळत बसू नये. यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याचे ते लक्षण असू शकते, त्याचा बाळाला धोका असतो, आणि रक्ताच्या तपासणीतून ते कळते. माझ्या डॉक्टरांनी खाज नेमकी कोठे आणि केव्हा येते, हेच पहिल्यांदा विचारले होते.

आता छत्तिसावा आठवडा सुरू आहे. बेंबीखाली डाव्या बाजूला चार जांभळट रेषा उमटल्या आहेत. आईने त्या पाहिल्या, स्वतःच्या पोटावरच्या पांढऱ्या पडलेल्या रेषा मला दाखवल्या आणि म्हणाली, "या तुझ्या वेळच्या." मग तिने वाटी पुन्हा गरम करायला घेतली.