मधली तीन घरं

माटुंग्याला रविवारी सकाळी उडप्याकडे जायचं तर भुकेआधी चिकाटी लागते. दाराशी एक मुलगा वही घेऊन उभा असतो. त्याला नाव सांगायचं, किती जण ते सांगायचं आणि मग फुटपाथवर उभं राहून आत बसलेल्यांच्या रसमवड्याकडे काचेतून बघत राहायचं. चाळीस मिनिटं, कधी तासभर. बाकीचे लोक या वेळात फोन बघतात. आम्ही चौघं कोडं सोडवतो.

कोडं म्हणजे 'विठ्ठलाची नगरी (५)' असलं नव्हे. ते दाढी करता करताही सुटतं. आमचं ते गूढ शब्दकोडं. त्यातलं प्रत्येक सूत्र, म्हणजे उत्तर शोधायला दिलेली ओळ, सरळ चेहऱ्याने खोटं बोलतं. कंसातला आकडा तेवढा खरा, तो उत्तरातल्या अक्षरांचा. उदाहरणार्थ, 'काशीवरून येताना मध्ये लागते ती हद्द (२)'. आता तुम्ही मनातल्या मनात वाराणसीच्या गाडीत बसलात आणि वाटेत कुठल्या राज्याची सीमा लागते ते आठवू लागलात, तर संपलं. गाडीतून उतरा आणि 'काशीवरून' हा शब्दच नीट बघा. त्याच्या मध्ये काय लागतं? शीव. गावाची हद्द. शब्दाचा अर्थ सूत्राच्या एका टोकाला, उरलेल्या भागात तो शब्द घडवण्याची कृती, आणि दोन्ही मिळून असा आव आणतात की आम्ही तिसऱ्याच विषयावर बोलतोय.

आमच्यात अण्णा सगळ्यांत मोठे. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी तीसेक वर्षं खिळे जुळवले. जुळाऱ्याला मजकूर उलटा वाचायची सवय असते, म्हणून शब्द मागून पुढे वाचायचा असेल तिथे अण्णा सूत्र पुरतं ऐकूनही घेत नाहीत. बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांची एके काळची विद्यार्थिनी ही आमची धाकटी. ती कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काहीतरी काम करते, ते तिने मला तीनदा समजावलंय. चौथी मी. माझा उपयोग मुख्यतः पेन आणण्यापुरता.

त्या रविवारी कोडं बाईंनी स्वतः रचून आणलं होतं. वर शीर्षक होतं 'मेगाब्लॉक'. खाली एवढीच सूचना: 'एका ठिकाणी काम चालू असल्याने तिथलं सूत्र दिलेलं नाही.' आणि खरंच, पाचव्या ओळीतल्या तीन घरांना सूत्रच नव्हतं.

याला म्हणतात विषयसूत्री कोडं, आणि आम्हाला खरं व्यसन आहे ते याचं. उत्तरं सुटली तरी कोडं सुटलेलं नसतं. त्या उत्तरांना आतून बांधणारा एक धागा असतो, तो कोणी सांगत नाही. लंडनच्या 'द लिसनर' साप्ताहिकाने १९३० साली अशी कोडी सुरू केली. साप्ताहिक १९९१मध्ये बंद पडलं, पण कोडं मेलं नाही, ते 'द टाइम्स'मध्ये राहायला गेलं. विलायतेतल्या काही नामांकित कोडेकारांनी टोपणनावं घेतली ती चक्क स्पॅनिश धर्मपीठाच्या छळाधिकाऱ्यांची. आधी टॉर्केमाडा, मग झिमेनीस. त्यानंतरच्याने तिसऱ्या अधिकाऱ्याचं, डेझाचं, नाव घेतलं, पण इंग्रजी अक्षरं उलटी करून: अ‍ॅझेड. हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले होते, "याला आमच्या छापखान्यात नोकरी मिळाली असती."

बाईंचा देव मात्र यांपैकी कोणी नाही. त्यांचा देव अ‍ॅराउकारिया. हे एका झाडाच्या कुळाचं नाव. मुंबईत बंगल्यांच्या आवारात ख्रिसमस ट्री म्हणून जी उंच, पायऱ्यापायऱ्यांची झाडं दिसतात ती याच कुळातली. त्याच कुळातल्या एका झाडाला इंग्रजीत 'माकडाचं कोडं' म्हणतात, म्हणून हे टोपणनाव. माणूस पाद्री होता, जॉन ग्रॅहम. 'गार्डियन'मध्ये वर्षानुवर्षं कोडी रचली. जानेवारी २०१३मध्ये एका कोड्याच्या वर त्याने सूचना दिली, की अ‍ॅराउकारियाला १९पैकी १८ आहे आणि त्यावर १३-१५ चालू आहे. लोकांनी नेहमीसारखी पेन्सिल घेतली, चहा घेतला आणि सोडवायला बसले. १८ निघालं कॅन्सर. १९ निघाली अन्ननलिका. १३-१५ म्हणजे नुसतं दुखणं सुसह्य करणारी शुश्रूषा. ज्याने सोडवलं त्यालाच कळलं, आणि ज्याच्या त्याच्या वेगाने कळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. बाई ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी गजरेवाल्यांकडे बघतात.

तर 'मेगाब्लॉक'. पहिलं सूत्र: 'केरळची सुरुवात पणतीच्या सुरुवातीने केली, तरी भांडं मातीचंच (३)'. केरळातला 'के' काढला, पणतीतला 'प' लावला, परळ. "पसरट मातीचं भांडं," अण्णा म्हणाले. "आमची आजी घागरीवर झाकायची." दुसरं मला सुटलं, आणि हे मी इथे मुद्दाम नोंदवते: 'कौतुक झाल्यावर घराच्या टोकाला जिना (३)'. कौतुक म्हणजे दाद, घराचं टोक म्हणजे र. दादर. आमच्या मजल्यावरच्या गुजराती काकी अजूनही "दादर उतरून आले" म्हणतात. पुढे ती काशीवरूनची शीव. 'आदिवासींनी आत जपलेला, तेल मागतो (२)' हे धाकटीने एका श्वासात सोडवलं: आ-दिवा-सी. आणि 'वाकळ उसवून नव्याने जोडली की निरोप द्या (३)'. वाकळ म्हणजे काय हे धाकटीला ठाऊक नव्हतं. चिंध्यांची गोधडी, मी म्हटलं. वा, क, ळ उसवून जोडा: कळवा.

इथे अण्णा "हं" म्हणाले. अण्णांचं "हं" म्हणजे पुरस्कार आहे. मराठीत अक्षरं उलटसुलट करणं इंग्रजीइतकं सोपं नाही. आपल्या एका घरात अख्खं अक्षर राहतं, काना-मात्रा-वेलांटीसकट बिऱ्हाड करून. काही कोडेकार वेलांटी पहिलीची दुसरी करून घेतात, काना गुपचूप सरकवतात आणि वर म्हणतात, एवढं चालायचंच. अण्णांच्या मते हा फौजदारी गुन्हा आहे. वेलांटीचा खिळा शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला ती फुकट वाटलेली कशी सहन होणार? वाकळीतून कळवा काढताना मात्र एकही मात्रा हलली नव्हती.

बाईंना विचारा, त्या म्हणतील हे वेड विलायतेहून आलेलंच नाही. मोरोपंतांनी अठराव्या शतकात एकशे आठ रामायणं लिहिली. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ लागू न देता वाचायचं. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे बघा, रामायण सांगायचं आणि त्यात 'राम' म्हणायचं नाही! सांगायचं ते न उच्चारता सगळीकडून सुचवायचं, याहून विषयसूत्री कोडं वेगळं काय असतं?

एक सूत्र राहिलं होतं, ते अगदी डाव्या कडेला. 'झाडावर पळते, बरणीत सुटतो, शेजाऱ्यावर खातात (२)'. तिन्ही अर्थ एकाच शब्दाचे, बाकी कृती नाही. शेंगा पळवणारी, लोणच्याला सुटणारा, आणि पार्किंगवरून आमच्या सोसायटीतले निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांवर खाऊन असतात तो. खार.

सगळं भरलं. मधली तीन घरं तेवढी रिकामी. इतर किरकोळ उभ्या शब्दांतून पहिल्या घरात 'मा' आणि तिसऱ्यात 'गा' आला होता. मा, काहीतरी, गा. आम्ही धागा शोधायला लागलो. परळ, दादर, शीव, कळवा, दिवा, खार. मातीचं भांडं, जिना, हद्द. अण्णा म्हणाले, घर. घरातल्या वस्तू. मग खार कशी? मी म्हटलं, खेडं. खेड्यात परळ असतं, शीव असते, दिवा असतो. बाईंनी 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही. त्या अशा वेळी मंगळसूत्राची वाटी सरळ करत बसतात. मी 'माडगा', 'मारगा' असले मराठीत नसलेले शब्द तोंडात घोळवून पाहिले. १९४२मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत शब्दकोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती आणि तिच्यातल्या काहींना पुढे जर्मन संकेत फोडायच्या कामावर बोलावणं आलं होतं. आम्हाला पस्तीस मिनिटं होऊन गेली होती. जर्मन जिंकले असते.

धाकटी कागद परत घेऊन बघत होती. "अण्णा, एक विचारू? परळ म्हणजे भांडं असतं हे मला आजच कळलं."

"अगं, तुमच्या पिढीला काय माहीत असणार!"

"नाही, म्हणजे मला परळ नुसतं स्टेशन म्हणूनच माहितीये."

ती हे ओशाळून म्हणाली होती. आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. आमचंही त्याच क्षणी. परळ, दादर, शीव, पुढे कळवा, दिवा. रोज लोकलमध्ये कानावर आदळणारी नावं, आणि आम्ही शब्दार्थ येत असल्याच्या तोऱ्यात त्यांच्यावरून घागर घेऊन चाललो होतो. जिना म्हणे! हद्द म्हणे!

"खार कुठे मध्य रेल्वेवर आहे?" अण्णांनी हरकत घेतली. "हे नियमात बसत नाही."

"म्हणून तर डाव्या कडेला घातलीय," बाई पहिल्यांदाच बोलल्या. "पश्चिमेला."

अण्णांनी थोडा वेळ घेतला. मग "हं."

राहिली मधली तीन घरं. वर दादर, खाली शीव, मध्ये मा, काहीतरी, गा. तुम्हाला केव्हाच कळलं असेल. आम्हाला कळायला लाज वाटावी इतका वेळ लागला, कारण आम्ही चौघंही कागदाकडे बघत होतो. अण्णांनी मान मोडायला म्हणून वर पाहिलं, तर समोरच्या फुलवाल्याच्या पाटीवर दुकानाच्या नावाखाली पत्ता रंगवलेला: माटुंगा, मुंबई ४०००१९. शेजारच्या पाटीवरही तेच. त्याच्या शेजारीही. आणि धाकटीच्या फोनवर सकाळपासून पडलेली ती रविवारची नेहमीची बातमी: माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक.

अण्णांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि मधल्या घरात टुं लिहिलं, उकार आधी, अनुस्वार मागून, अगदी ठसठशीत. मग ते आणि बाई यांच्यात नवा वाद सुरू झाला, की स्टेशनचं नाव 'खार रोड' असताना नुसतं खार चालेल का. बाईंचं म्हणणं, तिकीट मागताना कोण रोड म्हणतं? मी बाईंच्या बाजूने, धाकटी अण्णांच्या. तो बराच रंगला.

दाराशी गेलो तेव्हा वहीवाला मुलगा म्हणाला, "चार जण? तुम्हाला दोनदा हाक मारली. मागच्यांना बसवलं." त्याने आमचं नाव पुन्हा खाली लिहिलं. पुढे अकरा नावं होती.

बाईंनी पर्स उघडली आणि दुसरा कागद काढला. "म्हणून मी दोन आणते," त्या म्हणाल्या.