तिसरा खर्डा: मिरची काढली, तुरुंग ठेवला

माझ्या कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्याची बारा प्रकरणं हातावेगळी झाली. दुसऱ्या खर्ड्यात ती ५८,००० शब्दांची होती, आता ४९,००० वर आली आहेत. गळालेल्यात 'अचानक' आणि 'जणू' यांचा भरणा मोठा. धुकंही बरंच उपसलं.

माझ्या राज्यात जादूची किंमत घटकांत मोजतात. मंत्र टाकायचा तर स्वतःच्या आयुष्यातल्या तेवढ्या घटका द्यायच्या. आणि सातव्या प्रकरणात नायिका नदीत बुडी मारून 'घटकाभर' श्वास रोखते! ताईने समासात दोनच शब्द लिहिले: 'मेली असेल.' खरंच आहे. घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या साठ. 'घटकाभर बस' म्हणताना आपण कोणी मोजत नाही, पण जिथे घटका हेच चलन आहे तिथे हा सैलपणा कसा चालेल? आता ती तीन पळं श्वास धरते. पळाचे २४ सेकंद, म्हणजे ७२. जमण्यासारखं आहे.

मग वाटलं, घटिकापात्राबद्दल, म्हणजे पाण्यावर ठेवल्यावर बरोबर घटकाभरात बुडणाऱ्या भोकाच्या वाटीबद्दल, एवढं लिहितोय तर एकदा करून तरी बघू. तांब्याच्या वाटीला खिळ्याने भोक पाडलं, ती चार मिनिटांत तळाला. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. दुसऱ्या वाटीला सुई वापरली, ती ३१ मिनिटं तरंगली. रविवार गेला, पण एक गोष्ट हाती लागली. वाटी संथपणे बुडत नाही. बराच वेळ ती नुसती जड होत राहते, काठ पाण्याला टेकतो आणि मग डुबुक करून एकदम जाते. नवव्या प्रकरणात कर्जदार वाटीकडे बघत बसतो, तिथे मी 'हळूहळू बुडत गेली' असं लिहून मोकळा झालो होतो. आता तो काठाकडे बघतो. तो प्रसंग पुन्हा लिहायला दोन संध्याकाळी लागल्या.

यावेळचं खरं भांडण मात्र शब्दांशी. माझ्या जगात पोर्तुगीज आलेच नाहीत, मग मिरची कुठून येणार? गंमत बघा, मिरची हा शब्द मिऱ्याच्या घराण्यातला, पण वस्तू आली समुद्रापलीकडून. चावीचं उलटं: वस्तू आपल्याकडे होतीच, शब्द पोर्तुगीज. पगार, बादली, तुरुंग हेही त्यातलेच. आधी मी हे सगळे हाकलले, आणि त्या भरात फारसी शब्दही. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उशाशी होताच. परिणाम असा की 'शिपाई तयार होते'चं 'सैनिक सज्ज होते' झालं आणि सगळी पात्रं फेटा सावरत संगीत नाटकात उभी राहिली. कोशातला 'अमात्य' दरबारात शोभतो, पण पखालवाला तसं बोलायला लागला की संपलं.

शेवटी एकच नियम केला: वस्तू परकी असेल तर बाहेर, नुसता शब्द परका असेल तर राहू दे. तुरुंग राहिला, चावी राहिली. पिठल्यात आता मिरी पडते. 'खिशातून चावी काढली'चं 'कनवटीची चावी काढली' झालं, ते नियमामुळे नाही, तर नायक धोतर नेसतो हे मीच विसरलो होतो म्हणून.

एक छोटी दुरुस्ती. नायिका आजीला 'तुम्ही' म्हणत होती. 'आजी, तू खोटं बोललीस' असं केल्यावर त्या भांडणातली चार वाक्यं आपोआप अनावश्यक झाली.

काल रात्री बारावं प्रकरण मिटताना लक्षात आलं, पहिल्याच परिच्छेदात पोपट पेरू खातोय. पेरूही त्याच जहाजातला. ताईला अजून दिसलेला नाही. आज त्याला उंबरावर बसवतो.